मागच्या तारखेची सही

नमस्कार मॅडम,

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर आहे, इलेक्ट्रिकल साइडला. अठरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात रात्रपाळीत पॅकिंग लाइनच्या पॅनलमधला एक कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, जळाला. लाइन बंद, आणि वरून फोनवर फोन. मी ठेकेदाराच्या हेल्परला म्हटलं, "मेन बंद केलाय, पटकन बदलून टाक." मेन मी माझ्या हातानेच पाडला होता. पण त्या पॅनलमध्ये इंटरलॉकसाठी (दोन यंत्रं एकमेकांशी जुळवून चालावीत-थांबावीत म्हणून) शेजारच्या पॅनलमधून एक सप्लाय येतो, तो चालूच राहिला. पोराला शॉक बसला, दोन बोटं भाजली, हात झटकून तो मागे पडला. चार दिवसांनी कामावर आला. तोच म्हणतो, "साहेब, चूक माझी, मी टेस्टर लावून बघायला हवं होतं."

आता कारखाना निरीक्षकांची नोटीस आली आहे. मॅनेजर म्हणतात, त्या रात्रीचं वर्क परमिट (धोक्याचं काम सुरू करण्याआधी काढायची लेखी परवानगी) आणि आदल्या आठवड्यातल्या सेफ्टी ट्रेनिंगचा हजेरीचा कागद तयार केलाय, जुन्या तारखेने सही करा, सगळेच सुटू. मी सात महिन्यांपूर्वी या दुहेरी सप्लायबद्दल आणि काम चालू असताना कुणी सप्लाय चालू करू नये म्हणून पॅनलला लावायच्या कुलुपांबद्दल त्यांना मेल केला होता. उत्तर आलं नाही. तो मेल दाखवू की गप्प बसू? पोरगा जिवंत आहे, त्याची तक्रार नाही, मग खटला होईलच कसा? आणि झालाच तर कोणावर? माझ्यावर?

एक सुपरवायझर

---

सही करू नका. उत्तर लांबणार आहे, आणि मॅनेजर कदाचित उद्या सकाळीच कागद पुढे सरकवतील, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

तुमच्या पत्रात देशाचं नाव नाही. बहुधा मुद्दामच वगळलंत, आणि बरं केलंत. त्यामुळे मी एकाच कायद्याची कलमं धरून बसत नाही, दोन-तीन देशांचे दाखले देते. तुम्हाला लागू होणारी नेमकी कलमं आणि मुदती तुमचा वकील सांगेल. गाभा मात्र बऱ्याच ठिकाणी सारखाच आहे.

आधी "पोरगा जिवंत आहे, तक्रार नाही" याबद्दल. मारामारीत जखमी झालेला माणूस तक्रार मागे घेतो आणि प्रकरण मिटतं, तसं काहीतरी तुमच्या डोक्यात असावं. इथे फिर्यादी तो पोरगा नाहीच. फिर्याद निरीक्षकाची असते. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात तर निरीक्षकाने स्वतः केलेल्या किंवा त्याच्या लेखी मंजुरीने केलेल्या फिर्यादीचीच न्यायालयाने दखल घ्यायची, अशी रचना होती. पोराने हात जोडून "मला काही तक्रार नाही" म्हटलं तरी खटला उभा राहू शकतो.

दुसरं असं की, या कायद्यांमध्ये शॉक बसला की नाही हा मूळ मुद्दा नसतो. शॉक बसू शकेल अशा जागी माणसाला कामाला लावलं, इथेच गुन्हा पुरा होतो. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या विश्वस्तांवर असाच खटला झाला होता. कूलिंग टॉवरच्या पाण्यात लिजिओनेला हे आजार पसरवणारे जंतू वाढू नयेत म्हणून जी निगा राखायची, तिच्यात हयगय झाली होती. बाहेरच्या लोकांना प्रत्यक्ष काही झालं का, हे सरकारी पक्षाने सिद्ध करावं असा बचावाचा आग्रह होता. १९९३ साली अपील न्यायालयाने सांगितलं, त्याची गरज नाही, धोक्याची शक्यता होती एवढं पुरे. इंग्लंडमध्ये २०१६ पासून शिक्षा ठरवताना जी मार्गदर्शक तत्त्वं वापरतात, त्यांतही न्यायाधीश आधी हेच बघतो की किती गंभीर इजा होऊ शकली असती आणि तिची शक्यता किती होती. तुमच्या अपघात नोंदवहीत "दोन बोटं भाजली" असेल. न्यायाधीश विचारेल, मेला असता का?

मेला असता. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण आकडे समोर ठेवते. शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. हाताची पकड सुटेनाशी व्हायला दहाच्या आसपास पुरतात. माणूस वाचावा म्हणून जो आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की सप्लाय तोडणारा स्विच) बसवतात तो ३० मिलिअँपिअरचा असतो. कंट्रोल सर्किटवरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच) सहा अँपिअरचा धरला तर ते झाले सहा हजार मिलिअँपिअर. माणूस चिकटून तडफडला तरी त्या एमसीबीला पत्ता लागत नाही, तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. तुमचा पोरगा वाचला तो प्रवाह बोटांतल्या बोटांत गेला म्हणून, किंवा हात कोरडा होता म्हणून, किंवा तोल जाऊन सुटला म्हणून. त्यात कारखान्याची कसलीच करामत नाही, आणि निरीक्षकाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

"चूक माझी" हे त्याचं वाक्य कुणी त्याच्याकडून लिहून घेतलं असेल तर मला मुळीच नवल वाटणार नाही. ठेकेदाराच्या पोराला उद्याचं काम हवं असतं, तो आणखी काय म्हणणार? पण न्यायालयात या वाक्याला फारसं वजन नाही. सुरक्षेचे नियम फक्त सावध, अनुभवी, झोप झालेल्या माणसासाठी केलेले नाहीत. घाईत असलेला, नवखा, पहाटे तीन वाजता डोळे चोळणारा माणूस चुकणार हे धरूनच मालकाने व्यवस्था करायची असते. पॅनल मेलं आहे की नाही हे तपासण्याचं काम हेल्परवर सोडणं हीच मुळात व्यवस्था नसल्याची खूण आहे.

(टेस्टरचा विषय निघालाच आहे तर: तो पेचकसासारखा निऑनचा टेस्टर कृपा करून पुरावा मानू नका. त्याचा दिवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या नखभर प्रवाहावर लागतो. जाड रबरी तळव्याचे बूट असले, खाली लाकडी फळी असली, वर ट्यूबलाइटचा उजेड असला, की जिवंत तारेवरही तो मेल्यासारखा दिसू शकतो. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्यायचा, आधी चालू असलेल्या सप्लायवर तो दाखवतो का बघायचं, मग पॅनलमधल्या प्रत्येक टर्मिनलवर लावायचा आणि पुन्हा चालू सप्लायवर तपासायचा. हे तुम्ही अठरा वर्षं इतरांना सांगत आला असाल. त्या रात्री नाही झालं.)

आता कोणावर खटला, ते पाहू.

सगळ्यात आधी कंपनीवर. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यात मालकाने "व्यवहार्य असेल तितकं" सगळं करायचं असं म्हटलंय, आणि याहून जास्त करणं व्यवहार्य नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकलाय. व्यवहार्य म्हणजे काय, याचा तराजू १९४९ सालच्या एका खाण अपघाताच्या दाव्यातून आलेला आहे. एका पारड्यात धोका, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. दुसरं पारडं फारच, म्हणजे अगदी विसंगत वाटेल इतकं जड असेल तरच मालक सुटतो. तुमच्या कारखान्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे बघा. काही कुलपं, थोडे टॅग, पॅनलच्या दारावर "या पॅनलला दोन सप्लाय आहेत" अशी पाटी आणि लाइनचा अर्धा तास. पोरगा ठेकेदाराचा होता हे म्हणून बघतील. तेही चालणार नाही. ब्रिटनमध्ये पगारावर नसलेल्या माणसांबद्दलचं कर्तव्य वेगळ्या कलमात लिहिलेलं आहे, ऑस्ट्रेलियाच्या २०११ च्या आदर्श कायद्यात (राज्यांनी उचलावा म्हणून लिहिलेल्या नमुना कायद्यात) ठेकेदाराकडचा माणूस "कामगार" या व्याख्येतच बसतो, आणि भारताच्या १९४८ च्या अधिनियमातही ठेकेदारामार्फत आलेला माणूस कामगारच होता.

मग मॅनेजर आणि वरचे अधिकारी. गुन्हा त्यांच्या संमतीने, त्यांनी काणाडोळा केल्यामुळे किंवा त्यांच्या हयगयीमुळे घडला असेल तर त्यांच्यावर व्यक्तिशः खटला भरता येतो, अशी कलमं ब्रिटनच्या कायद्यात आहेत. ऑस्ट्रेलियात तर अधिकाऱ्याने स्वतः जागरूक राहून धोक्यांची माहिती घेत राहणं हेच त्याचं कर्तव्य केलंय. सात महिने उत्तर न मिळालेला तुमचा मेल नेमका इथे येऊन बसतो. मॅनेजरांच्या घाईचं कारण मला तरी त्या मेलमध्येच दिसतं.

आणि तुम्ही. इथे गोड बोलून उपयोग नाही. कामगारानेही स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाची वाजवी काळजी घ्यावी, हे कर्तव्य ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडच्या कायद्यांत आहे, आणि सुपरवायझर म्हणून तुम्हाला ते जास्तच लागतं. "पटकन बदलून टाक" हे तुमचं वाक्य. तुमचा मेल दुधारी आहे, हे दाखवण्याआधी समजून घ्या. कंपनीला माहीत होतं हे तो सिद्ध करतो, आणि तुम्हालाही माहीत होतं हेही सिद्ध करतो. दुसरा सप्लाय आहे हे ज्या माणसाने सात महिन्यांपूर्वी स्वतः लिहून कळवलं, त्यानेच त्या रात्री फक्त मेन पाडून पोराला पुढे केलं. सरकारी वकील तुम्हाला हा प्रश्न विचारणार. उत्तर आजच शोधून ठेवा, आणि ते खरं असू द्या. विसरलात? फोनच्या दडपणाखाली डोक्यातून गेलं? दुसरा सप्लाय बंद केला तर शेजारची लाइनही थांबली असती म्हणून चालू ठेवलात? तिन्हींत फार फरक आहे. पहिली दोन माणसाची चूक म्हणून ऐकली जातील. तिसरं मात्र जाणूनबुजून घेतलेली जोखीम म्हणून. तसं असेल तर माझ्याकडे नाही, आधी वकिलाकडे जा.

तरीही मेल दाखवा. कंपनीच्या सर्व्हरवर तो आहेच, चौकशीत कधीतरी निघणारच. तुमच्या हातून निघाला तर तुम्ही इशारा देणारा माणूस ठरता, दुसऱ्याच्या हातून निघाला तर लपवणारा. आणि कुलपं विकत घ्यायचा, लाइन थांबवायचा, वायरिंग बदलायचा अधिकार कोणाच्या हातात होता, हे त्या मेलच्या "प्रति" या ओळीतच लिहिलेलं आहे. खटला कोणावर भरायचा हे ठरवताना फिर्यादी पक्ष या गोष्टी तोलतो. तुमच्यावर होणारच नाही असं वचन मी देत नाही, कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता त्या सहीकडे येते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा कागद तो आहे.

"सगळेच सुटू" असं मॅनेजर म्हणतात. वर्क परमिटवर सही करणारा माणूस काय म्हणत असतो ते शब्दशः वाचून बघा. सप्लाय मी बंद केला, मी तपासला, कुलूप मी लावलं, हे काम सुरू करायला मी परवानगी दिली. आज तुमची बाजू अशी आहे की परमिटची पद्धत चालत नव्हती, कुलपं दिली नव्हती, मी मागितली होती. सही केल्यावर ती अशी होते की पद्धत व्यवस्थित होती, ट्रेनिंग झालं होतं आणि या सुपरवायझरने ते धाब्यावर बसवलं. भारताच्या १९४८ च्या अधिनियमात एक कलम होतं, १०१. मालक किंवा व्यवस्थापक खऱ्या गुन्हेगाराला न्यायालयापुढे उभा करून स्वतः सुटू शकत असे. त्याला सिद्ध काय करायचं, तर आपण नियम पाळले जावेत म्हणून योग्य ती दक्षता घेतली होती आणि हा प्रकार आपल्या नकळत, संमतीशिवाय झाला. दक्षतेचा पुरावा म्हणून न्यायालयात काय ठेवतात? परमिट आणि ट्रेनिंगची हजेरी. ब्रिटनच्या १९८९ च्या विद्युत नियमांतही "सगळी वाजवी पावलं उचलली होती" असा बचाव उपलब्ध आहे, त्यालाही हेच कागद लागतात. मॅनेजर तुम्हाला त्यांच्या बचावाचा दस्तऐवज लिहून मागताहेत, आणि त्यात आरोपीच्या जागी तुमचं नाव आहे. त्यांनी इतका विचार केला असेलच असं नाही. कदाचित तेही फक्त घाबरलेत. परिणाम तोच.

शिवाय हे कागद टिकत नाहीत. परमिट बुकाला अनुक्रमांक असतात, मागच्या तारखेचं परमिट पुढच्या पानावर निघतं. फॉर्मच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते. संगणकातल्या फाइलला ती कधी तयार झाली हे माहीत असतं. ट्रेनिंगला "हजर" असलेल्यांपैकी एखादा त्या दिवशी रजेवर निघतो, एखाद्याची गेटवर नोंद नसते. मुरलेला निरीक्षक परमिटकडे बघतच नाही, तो आधी गेटचं रजिस्टर मागवतो. आणि एकदा बनावट कागद निघाला की त्यानंतर तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सुरक्षेच्या गुन्ह्यात हेतू होता की नाही हे सहसा बघतच नाहीत आणि पुष्कळदा प्रकरण दंडावर निभावतं. खोटा पुरावा तयार करणं हा निराळा गुन्हा आहे, तिथे हेतू ठळक असतो, आणि न्यायाधीशांचा सूरही निराळा असतो. पॅनलमध्ये झालेली चूक एका रात्रीची आहे. सही तुम्ही शुद्धीत, दिवसाउजेडी, खुर्चीवर बसून करणार.

मॅनेजरांना काय सांगाल? भांडू नका. "साहेब, त्या रात्री परमिट काढलं नव्हतं, त्यामुळे त्या तारखेची सही मी करू शकत नाही. काय घडलं ते आजच्या तारखेने लिहून देतो." एवढंच. आणि तेच दोन ओळींत त्यांना मेल करा. नोकरीवरून दबाव आला तर तो मेल पुढे कामाला येईल.

आज रात्रीच, कुणाशी न बोलता, जे आठवतं ते वेळेसकट लिहून काढा. कोणाचा फोन किती वाजता आला, तुम्ही काय म्हणालात, पॅनलचं दार कुणी उघडलं. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" लिहा. फोनमधले मेसेज, फोटो काही पुसू नका, अगदी स्वतःला अडचणीचे असले तरी. कंपनीचे दुसऱ्याचे कागद गुपचूप उचलून घरी आणू नका, निरीक्षकाला ते मागवण्याचा अधिकार आहे, कुठे काय आहे एवढं सांगा.

जबाबाला जाण्याआधी स्वतःचा वकील गाठा. कंपनी म्हणेल, आपला वकील आहे ना. तो कंपनीचा आहे. तुमचं आणि कंपनीचं हित, वर सहीबद्दल सांगितलं तसं, जिथे फुटतं, तिथे तो तुमच्या बाजूला नसेल. जबाबाला बसल्यावर पहिला प्रश्न तुम्ही विचारा: मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की संशयित म्हणून? हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ब्रिटनमध्ये निरीक्षक सक्तीने उत्तर घेऊ शकतो, पण त्या अधिकाराखाली दिलेलं उत्तर त्याच माणसाविरुद्ध वापरता येत नाही. ताकीद देऊन संशयित म्हणून घेतलेला जबाब मात्र वापरता येतो. भारतात आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या कलम २० मध्येच आहे. तुमच्या इथली रीत वकिलाला विचारा आणि मगच तोंड उघडा.

महिना झाला, अजून समन्स नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. १९४८ च्या भारतीय अधिनियमात निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांची मुदत होती, ऑस्ट्रेलियाच्या आदर्श कायद्यात साधारण दोन वर्षं आहे, इंग्लंडमध्ये गंभीर कलमांना अशी मुदतच नाही.

आणि दोष सिद्ध झालाच तर? लवकर गुन्हा कबूल केला तर इंग्लंडमध्ये शिक्षा जास्तीत जास्त एक तृतीयांशाने कमी होते, आपणहून दुरुस्ती केली असेल तर तीही मोजतात. भारताच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतली एक तरतूद मला आवडते. मृत्यू किंवा गंभीर इजेच्या प्रकरणात दंडाच्या किमान निम्मी रक्कम त्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. नाहीतर दंड सरकारच्या तिजोरीत आणि भाजलेला हात घरी.

त्या पोराला भेटायला हरकत नाही, भेटाच. विजेचं भाजणं वरून दिसतं त्याहून आत जास्त असतं, त्याने डॉक्टरला नीट दाखवलंय का विचारा. छातीत धडधड, हाताला मुंग्या असं काही आहे का विचारा. जबाबात काय सांग, काय सांगू नको, यावर मात्र एक अक्षर बोलू नका. तुमचा हेतू चांगला असला तरी ते साक्षीदाराला फिरवणं ठरतं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि मी ती दोनदा शोधली. त्या पॅनलमधला दुसरा सप्लाय आता काढला का? दुरुस्ती केली तर चूक कबूल केल्यासारखं होईल असं कुणीतरी सांगितलं असेल, तर ते चुकीचं आहे. धोका कळल्यावरही तसाच ठेवला, हे न्यायालयात कितीतरी महागात पडतं. निरीक्षकाने पॅनलला हात लावू नका असं सांगितलं असेल तर शेजारच्या पॅनलमधून येणारा तो दुसरा सप्लाय तिथेच बंद करून त्याला तुमचं स्वतःचं कुलूप लावा, चावी खिशात ठेवा आणि त्यांना तसं कळवा. सांगितलं नसेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पाटी लावा, आणि शटडाऊन मागा, लेखी. आज रात्रपाळी आहे. कॉन्टॅक्टर पुन्हा जळू शकतो, आणि हेल्पर दुसरा असेल.